कॉफीची तोडणी आली: पिकलेलं लाल फळच पाटीत टाका

महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरपट्ट्यात ज्यांच्याकडे सिल्व्हर ओकच्या सावलीत दहा-वीस गुंठे अरेबिका जातीची कॉफी फळावर आली आहे, त्यांचे नोव्हेंबर ते जानेवारी हे कामाचे दिवस. स्पेशालिटी कॉफीला चांगला दर मिळतो तो चवीच्या परीक्षेत 100 पैकी 80 किंवा जास्त गुण पडले तर. वाण, उंची आणि सावली यांचं काम आता झालेलं आहे. यापुढे ते गुण टिकवायचे की घालवायचे, हे तोडणी आणि वाळवणीवर ठरतं.

सगळी फळं एकदम पिकत नाहीत. दर दहा-पंधरा दिवसांनी फेरी घ्यावी आणि दाबल्यावर बी सहज बाहेर येईल असं पूर्ण लाल फळच तोडावं. फांदी ओरबाडली की हिरवी फळंही पाटीत येतात आणि त्यांचा तुरटपणा कपात उतरतो. म्हणून तोडणीची मजुरी किलोवर ठरवू नका, रोजावर द्या. किलोवर दिली की ओरबाडणं आलंच. याच दिवसांत स्ट्रॉबेरीचा तोडाही सुरू होतो आणि माणूस मिळत नाही. चार-पाच घरांनी पैरा करून, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबून, फेऱ्यांचे वार आधीच वाटून घेतले, तर कुणाचंच फळ झाडावर वाळत नाही.

तोडलेलं फळ त्याच दिवशी पाण्यात टाकून तरंगणारं बाजूला काढा आणि पल्परमधून, म्हणजे फळाची साल काढणाऱ्या यंत्रातून, घ्या. रात्रभर पोत्यात ठेवलं की आतल्या आत तापतं, आंबूस वास धरतं. वीस गुंठ्यांसाठी एकट्याने पल्पर घेणं परवडत नाही. पाच ते सहा किलो ताज्या फळांतून साधारण एक किलोच तयार बी निघतं, त्यामुळे एका घराचा माल खरेदीदाराच्या नजरेत भरत नाही. वाडीचा पल्पर एक, वाळवण एका जागी आणि माल एकत्र, असं केलं तरच बोलणी करता येतात. निवडणीचं काम बचत गटाकडे दिलं तर हिवाळ्यातला रोजगार गावातच राहतो. मात्र एका घराची कच्ची पाटी मिसळली की सगळ्यांचा दर पडतो. फळ घेतानाच तपासा, वहीत नाव आणि वजन लिहा, आणि हिरवं असेल तर भीड न धरता परत करा. भाऊबंदकीत हे जड जातं, पण पैसे वाटताना होणाऱ्या भांडणापेक्षा बरं.

पल्परचं पाणी आंबट आणि घाण असतं, ते ओढ्यात सोडू नका. खाली वेण्णा-कृष्णेचं पाणी पिणारी गावं आहेत. खड्ड्यात जिरवा, साल कंपोस्टला चालते.

साल निघालेलं बी आंबू द्या, आणि त्यावरचा बुळबुळीत थर सुटून ते चोळल्यावर खरखरीत लागलं की धुवा. थंडीत याला जास्त तास लागतात, घड्याळ बघू नका, हाताने बघा. वाळवण जमिनीवर न करता जाळीच्या मांडवावर, पातळ थरात, दिवसातून अनेकदा हलवत करा. पाचगणीकडे पहाटे दव दाट पडतं, म्हणून ऊन उतरताच गोळा करून झाका. ओल 10 ते 11 टक्क्यांवर आली की थांबा. पोती खत, औषधं आणि मसाल्यापासून दूर ठेवा, कॉफी वास ओढून घेते. वरचं टरफल विक्रीच्या वेळीच काढा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा खोडकिड्याच्या भुंगेऱ्यांच्या उडण्याचाही काळ आहे. फेरी घेताना झाडाकडेही बघा. पानं पिवळी पडून झाड मलूल झालं असेल आणि खोडावर उंचवटे दिसत असतील, तर ते मुळासकट काढून जाळा. किड्याला उघडं ऊन आवडतं, तेव्हा सावलीची झाडं आत्ता विरळ करू नका.

नवी लावण करायची असेल तर केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाकडे अरेबिकाच्या चंद्रगिरी वाणाच्या बियांची चौकशी आत्ताच करा. बी वाफ्यावर पडतं डिसेंबर-जानेवारीत, आणि जुनं झालं की उगवत नाही. महाबळेश्वरच्या पश्चिम कड्याकडे, जिथे पाऊस अफाट आहे, तिथे मात्र एकदम क्षेत्र वाढवू नका. पूर्वेकडच्या उतारावर, निचऱ्याच्या जमिनीत, आहे त्या झाडांखाली आधी दोन-चार गुंठेच लावा. पहिलं फळ दिसायला तीन-चार वर्षं जातात, तोवर घर चालवायला हाताशी दुसरं पीक हवंच.