जैसलमेरची बॅग: आधी चिमटा

पोरांना घेऊन डिसेंबरात जैसलमेरला निघणार असाल तर पाणी, टोपी, क्रीम हे मी सांगायला नको. ते सगळेच नेतात, आम्हीही नेलं होतं. राहिला तो चिमटा. भुवया कोरायचा, तुळशीबागेत कुठेही मिळणारा साधा चिमटा. दोन घ्या. एक पर्समध्ये, एक बाबांच्या खिशात. सुटकेसमध्ये टाकू नका. सुटकेस हॉटेलात राहते आणि भुरट वाळूत असतं.

भुरट हे तिकडचं गवत. पावसाळा संपला की त्याची बारीक काटेरी बोंडं वाळतात आणि जे लागेल त्याला चिकटतात. टेकाडाच्या माथ्यावर स्वच्छ वाळू दिसते, म्हणून आपण निर्धास्त असतो. पोरं मात्र वरून घसरत येतात ती नेमकी खालच्या गवतात. सिंहगडावर मोज्यांत घुसणारी कुसळं परवडली. भुरटाचे काटे कातडीत मोडतात, बोटांनी उपटायला जावं तर आपल्याच बोटात शिरतात. उंटवाल्याकडे चिमटा असेल या भरवशावर राहू नका. दुष्काळात तिकडचे लोक याच गवताचं बी दळून खात, त्यामुळे शिव्या जरा बेतानेच घाला. पण चिमटा घ्या.

कपडेही भुरटाच्या हिशेबाने भरा. दिवसा 25 अंशांच्या आसपास, पहाटे 10 च्या खाली. हवा कोरडी आणि आभाळ मोकळं, त्यामुळे सूर्य बुडाला की वाळू झपाट्याने गार पडते. ‘आम्हाला पुण्याच्या थंडीची सवय आहे’ हे वाक्य घरीच ठेवा. स्वेटर, कानटोपी हवीच, पण लोकर भुरटाला सोडत नाही, म्हणून वरून गुळगुळीत विंडचीटर. बूट बंद. जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये वाळू भरते, सँडलचं तर नावच काढू नका. लेकीला लोकरीची लेगिंग घालून वाळूत सोडलंत तर संध्याकाळ चिमट्यात जाईल, तीही चिमटा असला तर.

आता जायचं कुठे. समच्या वाळूच्या टेकड्या जैसलमेर शहरापासून 40 किलोमीटरवर. तिथे तंबू, नाचगाणी, लाऊडस्पीकर, जीपा, सगळी जत्रा. पोरं लहान असतील तर मी खुरी गावच्या वाळूत जाईन, तिथे गोंगाट कमी. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. बसतानाही तो आधी पुढचे गुडघे टेकतो. दोन्ही वेळा मागे रेलायचं, पोराला आपल्या पुढ्यात घट्ट धरायचं. हे निघण्याआधी घरी खुर्चीवर करून घ्या, हसू देत. उघड्या जीपच्या मागे दांडा धरून उभं राहायचं आणि ती टेकाडावरून खाली सोडायची, हा प्रकार लहानांना घेऊन करूच नका. ड्रायव्हर ‘कुछ नहीं होगा’ म्हणेल. म्हणू द्या.

सूर्योदयासाठी पोरांना पाचला उठवू नका. पुण्यापेक्षा तिकडे उशिरा उजाडतं, डिसेंबरात साडेसातच्या सुमारास.

दुपारी वाळू नकोच. आकलच्या जीवाश्म उद्यानात सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके उघड्यावर पडलेत. डायनासोरवेड्या पोरांना तिथे न्याच. कुलधरा हे पालीवालांनी सोडून दिलेलं गाव. ‘काका, मला वाचवा’ ऐकून वाढलेल्या पुणेकर पोरांना तिथली भुतं काय घाबरवणार, पण पडक्या भिंतींवर चढू देऊ नका. 1971 च्या लढाईसाठी लोंगेवालापर्यंत जायचं तर अख्खा दिवस गाडीत; गाडी लागणारं पोर असेल तर जोधपूर रस्त्यावरचं युद्ध संग्रहालय पुरे, रणगाडे तिथेही आहेत. सीमेजवळच्या तनोटला निघालात तर सगळ्यांची आधारकार्डं जवळ ठेवा. संध्याकाळी गडीसर तलावावर होडी.

किल्ला 1156 चा, आणि आत लोक अजून राहतात, तेव्हा घरांत डोकावू नका. सकाळी लवकर उरका.

रेल्वेने जाणार असाल तर भगत की कोठी हे जोधपूरचंच स्टेशन, तिकीट काढताना गोंधळू नका. पुढे जैसलमेर रस्त्याने पाचेक तास. वाटेत खायला भाकरवडी, चिवडा, बस. तिकडे कचोरी मिळते. तंबूवाल्याकडून जादा रजया आधीच कबूल करून घ्या. औषधं नेहमीची. पॉवर बँक. फोन पिशवीत, वाळूत उघडा नको.

परत आल्यावर कपडे थेट मशीनला लावू नका. आधी गच्चीत झटका, मोजे उलटे करून बघा आणि उरलेलं भुरट चिमट्याने वेचा, नाहीतर ते पुढच्या धुण्यात शाळेच्या गणवेशात जाऊन बसतं.