एअरपोर्ट सिक्युरिटी कशी चालते, नवीन लागलेल्यांसाठी अगदी पायापासून

एअरपोर्टवर नवीन जॉईन झालेली पोरं पहिल्या आठवड्यात हमखास एक गोंधळ घालतात, सेफ्टी आणि सिक्युरिटी एकच समजतात. टायर फुटला, पक्षी धडकला, इंजिन बंद पडलं की ती सेफ्टी, तिथे कोणाच्या मनात वाईट नसतं. सिक्युरिटीत समोरचा मुद्दाम येतो, आधी येऊन बघून जातो, कुठे ढिलाई आहे ते हेरतो आणि तिथूनच घुसतो. एवढं डोक्यात बसलं की पुढचे निम्मे नियम सांगावेच लागत नाहीत.

मी शिकवताना दोन प्रश्न घोकून घेतो. ही वस्तू कोणाची? आणि हा माणूस इथे कशाला? गेटवर असा, बेल्टवर असा नाहीतर कार्गोत, दिवसभर हेच दोन विचारायचे.

नियमांचं मूळ आयकाओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विमान वाहतूक संस्थेच्या, अ‍ॅनेक्स १७ (सिक्युरिटीच्या नियमांचं जोडपत्र) मध्ये आहे, तो १९७४ मध्ये मंजूर झाला, कारण त्याच्या आधीच्या काही वर्षांत विमान अपहरणांचा सपाटाच लागला होता. प्रत्येक देश त्यावरून स्वतःचे नियम करतो, आणि एअरपोर्ट, एअरलाइन यांचे प्रोग्रॅम त्या नियमांवर बेततात. तुमच्या हातात येतो तो एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची लेखी पद्धत, तो नीट वाचा, दोनदा वाचा.

आता जागा समजून घ्या. एअरपोर्टचे दोन भाग, लँडसाइड आणि एअरसाइड. लँडसाइडला कोणीही येऊ शकतं, एअरसाइडला तपासणी झालेले प्रवासी आणि पासवाले. मधली रेष म्हणजे कुंपण, गेट, दरवाजे. कुंपणाला गस्त, लाइट, कॅमेरे असतातच, आणि कुंपणालगत वाढलेलं झुडूप किंवा टेकवून ठेवलेली शिडी दिसली की लगेच कळवायचं. पण माझं म्हणणं विचाराल तर कुंपणापेक्षा दरवाजा जास्त धोक्याचा. तुम्ही पास दाखवून, बोट लावून स्टाफच्या दारातून आत जाताय, मागून एकजण खोका घेऊन येतो, दोन्ही हात अडकलेले, "दादा जरा दार धरा ना". आपण माणसं चांगली, धरतो. हेच टेलगेटिंग. तिथे दार बंद होऊ द्यायचं आणि शांतपणे म्हणायचं, तुमचा पास लावा, खोका मी धरतो. ओळखीचा असला तरी हेच, कारण काल त्याची नोकरी गेली असेल आणि पास रद्द झाला असेल तर ते तुम्हाला कुठून कळणार? २०१६ च्या फेब्रुवारीत सोमालियातल्या मोगादिशूहून निघालेल्या डालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमधल्या बॉम्बचा स्फोट झाला. विमानाला भोक पडलं, तरी ते परत उतरलं, मेला तो एकटा बॉम्बवाला. तो लॅपटॉप त्याच्या हातात एअरपोर्टवरच्याच कामगारांनी दिला होता, कॅमेऱ्यात दिसलं ते. म्हणून स्टाफचीही तपासणी होते, त्यात अपमान वाटून घेऊ नका.

स्क्रीनिंगचं बघू. एक्स-रेच्या स्क्रीनवर रंग दिसतात. नारिंगी म्हणजे सेंद्रिय, त्यात कपडे, साबण, खाऊ, पुस्तकं आणि बहुतेक स्फोटकंही येतात. निळा म्हणजे धातू, हिरवा मधलं काहीतरी, आणि काळं दिसतंय म्हणजे किरण आरपार गेलेच नाहीत, तिथे अंदाज बांधायचा नाही, बॅग उघडायची. नवीन माणूस बंदुकीचा आकार शोधत बसतो, सुरी शोधतो. जुना माणूस बॅग वाचतो. लॅपटॉपमध्ये बॅटरी कुठे असते, बोर्ड कुठे असतो हे त्याच्या डोळ्यात बसलेलं असतं, मग जिथे काहीच नसायला हवं तिथे नारिंगी ठोकळा दिसला आणि त्याला वायर चिकटलेली दिसली की बेल्ट थांबतोच. डोळे थकतात हेही खरं, म्हणून बऱ्याच ठिकाणी सलग २० मिनिटांपेक्षा जास्त कोणाला स्क्रीनसमोर बसवत नाहीत. मशीन अधूनमधून खोट्या धोक्याचं चित्रही टाकतं, त्याला टिप (थ्रेट इमेज प्रोजेक्शन) म्हणतात, तुम्ही पकडता का ते बघायला. चुकलात तर लाजू नका, पण ते चित्र परत मागून बघा.

प्रवासी चिडतात, बूट का काढू, पाण्याची बाटली का टाकू. त्यांना नीट सांगा. डिसेंबर २००१ मध्ये एकाने बुटात लपवलेलं स्फोटक विमानात पेटवायचा प्रयत्न केला होता. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट पकडला गेला, तिथून हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव न नेण्याचा नियम आला.

चेक-इन बॅगेत पहिला प्रश्न येतो, कोणाची. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं, ३२९ माणसं गेली. बॅग चढली होती, बॅगवाला चढलाच नव्हता. टोरोंटोला, जिथे त्याच्या बॅगा चढल्या, त्या दिवशी एक्स-रे मशीन मध्येच बंद पडलं आणि उरलेल्या बॅगा हातातल्या यंत्राने बघितल्या गेल्या. तीन वर्षांनी, डिसेंबर १९८८ मध्ये, स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अॅमचं विमान बॉम्बने फुटलं, २७० गेले, तिथेही बॅगेसोबत प्रवासी नव्हता. मी हे आकडे प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून दाखवतो. म्हणूनच प्रवासी बोर्ड झाला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवायची, फ्लाइट लेट झाली तर होऊ दे, ग्राउंड स्टाफ कितीही घाई करू दे. आणि मशीन बंद पडलं तर सुपरवायझरला कळवून एसओपीत सांगितलेली पर्यायी तपासणी पूर्ण करायची, "आजच्या दिवस चालवून घेऊ" हे चालत नाही.

कार्गो आणि कॅटरिंगलाही तेच, सील तुटलेलं दिसलं तर माल परत. २०१० मध्ये येमेनहून निघालेल्या पार्सलांत प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये बॉम्ब सापडले होते.

लँडसाइडची गर्दी मात्र सगळ्यात अवघड. २०११ ला मॉस्कोच्या दोमोदेदोवोला अरायव्हल हॉलमध्ये स्फोट झाला, २०१६ ला ब्रसेल्सला चेक-इन काउंटरजवळ, दोन्हीकडे हल्लेखोराला तपासणीपर्यंत जायची गरजच पडली नाही. रांग जेवढी लांब तेवढा धोका, म्हणून रांग पटापट सरकवणं हीपण सिक्युरिटीच.

बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, हलवायची नाही, आधी आजूबाजूला मोठ्याने विचारायचं कोणाची आहे. कोणी पुढे आलं नाही तर लोकांना लांब न्यायचं, तिच्याजवळ उभं राहून वॉकीटॉकी किंवा मोबाइल वापरायचा नाही, लांब जाऊन कंट्रोल रूमला नेमकी जागा, रंग, आकार आणि पहिल्यांदा दिसल्याची वेळ सांगायची.

धमकीचा फोन आला तर ठेवायचा नाही, बोलत ठेवायचं. कुठे ठेवलाय, कधी फुटणार, कसा दिसतो, एकेक विचारत राहा आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, "बॉम्ब आहे म्हणाला" एवढंच नको. मागे गाड्यांचा आवाज येतोय का, कोणी बोलतंय का, तेही लिहा. फ्लाइट नंबर आणि वेळ सांगून दिलेली धमकी आणि नुसतीच मोघम धमकी यांचं वजन वेगळं असतं, ते धमकी तपासणारी कमिटी ठरवते आणि ठरवताना तिच्या हातात तुम्ही लिहिलेला कागदच असतो. तो फॉर्म फोनच्या शेजारी ठेवा, पेन दोरीने बांधून.