गाडी दारात येण्याआधी बारा बिलं काढून ठेवा

विजेच्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह घ्यायला निघण्याआधी घरी एक काम करा. मागच्या बारा महिन्यांची लाइट बिलं समोर घेऊन बसा आणि प्रत्येक महिन्यापुढे फक्त युनिट लिहा, रुपये नंतर. एप्रिल ते जून वेगळे काढा, कारण इंदुरात एसी-कूलरचे महिने आणि बाकीचे महिने यांचा काही मेळ बसत नाही. मग ज्या महिन्यांत आकडा दीडशेच्या आत आहे, त्यांच्याभोवती गोल करा. गाडी आल्यावर हे गोल पुसले जातात ते कितीला पडतं, ते गाडी विकणारा सांगत नाही.

आपल्या मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर 150 युनिटपर्यंत असेल तर पहिल्या 100 युनिटचे शंभरच रुपये लागतात. दीडशे ओलांडले की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते. आमच्या सुदामा नगरच्या घरात पावसाळ्यापासून फेब्रुवारीपर्यंत बाबा, म्हणजे माझे सासरे, हे दीडशे डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलेलं त्यांना खपत नाही. त्या घरात गाडी आली की महिन्याला दीडशे-एकशेसाठ युनिट तीच खाणार. बिलावर सब्सिडीची रक्कम वेगळी छापलेली असते. ती रक्कम गाडीच्या खर्चात धरा, घरखर्चात नाही.

दुसरी गोष्ट स्थिर आकाराची, म्हणजे युनिटच्या दराशिवाय बिलात वेगळा लागणारा आकार. दीडशेच्या पुढे गेलं की हा आकार स्थिर राहत नाही, वापराबरोबर चढतो. दर 15 युनिटमागे 0.1 किलोवॅट भार धरून तो लावला जातो. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटनी भागून जो दर निघतो, तो गाडीला लावू नका. गाडीची युनिटं सगळ्यात वरच्या, म्हणजे महागड्या दराच्या पायरीवर बसतात. मी ऊर्जा आकार (म्हणजे युनिटचा दर), हा वाढता स्थिर आकार आणि वीज शुल्क धरून शेवटच्या युनिटला दहा रुपये धरले. मुद्दाम थोडं चढंच धरलं.

आता किलोमीटर. हे अंदाजाने सांगू नका. सध्याच्या गाडीचा आकडा आज लिहून ठेवा आणि बरोबर एका महिन्याने पुन्हा पाहा. आमच्याकडे सगळे छातीठोकपणे सांगत होते की महिन्याला हजार किलोमीटर होतात. निघाले सहाशे. शहरात लहान विजेची गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते, आणि भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी दहाएक टक्के चार्जिंगमध्येच जाते. म्हणजे हजार किलोमीटरला 160 युनिट, सोळाशे रुपये. पंधराचा ॲव्हरेज देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याला 67 लिटर पिते. लिटरला 106 धरले तर सात हजारांच्या वर. महिन्याला साडेपाच हजार वाचतात, आणि दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो साडेचार वर्षांत फिटतो. पण पाचशे किलोमीटरच होत असतील तर त्याच फरकाला नऊ वर्षं लागतात, आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या आठ वर्षांची देतात. सवलत जाते तो भाग यात अजून आलेलाच नाही. इथे मन घट्ट करून आपला खरा आकडा घाला. आमची खरेदी सहाशेवर एक वर्ष पुढे गेली, आणि नणंदेच्या ऑफिसची रोजची ने-आण त्याच गाडीवर आल्यावरच हिशेब जुळला.

किंमत विचारताना ऑन-रोड आकडा, म्हणजे कर-विमा धरून होणारी एकूण किंमत, फोडून मागा. विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, पण 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्याही 18 टक्क्यांवर आल्या, तेव्हा त्याआधीची तुलना कुणी दाखवली तर ती बाजूला ठेवा. थर्ड पार्टी विम्यात 15 टक्के सूट मिळते, मात्र गाडीची किंमत जास्त असल्याने बाकीचा विमा चढतो. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंतची आयकर सवलत 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. नव्या कर्जाला ती धरू नका.

वायरिंगचं काम मात्र घाईत करू नका, यात जिवाचा प्रश्न आहे. गाडीबरोबर येणारा साधा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, तोही सलग काही तास. गीझर पंधरा मिनिटांत बंद होतो, गाडी होत नाही. ओळखीच्या एका घरात गीझरच्याच जुन्या सॉकेटवर गाडी लावली आणि आठवड्याभरात प्लग वितळला. तेव्हा मीटरपासून थेट वेगळी लाइन, 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की बंद होणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद होणारा), हे वायरमनकडून लिहून घ्या. अर्थिंग मीटर लावून तपासायला सांगा. जुन्या घरांत अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असतो, म्हणून तपासणी मे महिन्यात करून घेतली तर उत्तम. मंजूर भारही, म्हणजे कनेक्शन किती किलोवॅटचं आहे तेही, पाहा: एसी, गीझर आणि गाडी एका वेळी चालली तर तीन किलोवॅटचं कनेक्शन पुरत नाही. भिंतीवरचा सात किलोवॅटचा चार्जर दिला तरी लगेच बसवू नका. रोजच्या पस्तीस किलोमीटरला पाच-सहा युनिट लागतात, साध्या चार्जरवर दोन तास.

आणि ते दोन तास दिवसाचे असू द्या. रात्री लावा, सकाळी गाडी तयार, असं सगळीकडे ऐकू येतं. पण आपल्याकडे स्मार्ट मीटर असलेल्या, 10 किलोवॅटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर ऊर्जा आकारात 20 टक्के सूट आहे. ज्या घरात पेन्शनर आहेत आणि गाडी दुपारी अंगणात उभी असते, त्यांनी ती संधी सोडू नये. बाबांनी ही जबाबदारी आपणहून घेतली आहे: जेवण झालं की प्लग, चहाच्या आधी बंद.

गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं, 2024 च्या नियमांनी तो हक्क दिला आहे. घराचं बिल दीडशेच्या आत राखायचं असेल तर वीज कंपनीच्या झोन ऑफिसात जाऊन त्याचा दर आणि स्थिर आकार लिहून आणा. पण गच्चीवर सोलर असेल किंवा बसवायचं असेल, तर थांबा. घराच्या मीटरवरची सोलरची युनिटं गाडीच्या दुसऱ्या मीटरवर आपोआप वळत नाहीत. पीएम सूर्य घर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये मिळतात आणि तेवढी पॅनेल महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतात. त्यात घर आणि गाडी दोन्ही निघतात, तेव्हा मीटर एकच ठेवलेलं बरं.

शेवटी रस्ता. उज्जैनला जाऊन येणं एका चार्जमध्ये निवांत होतं. महेश्वरला मात्र एकदा टेस्ट गाडी मागून घेऊन जा. जाताना घाट उतरताना बॅटरी थोडी भरते आणि वाटतं, वा! येताना नर्मदेच्या काठावरून पुन्हा माळव्याच्या पठारावर चढायचं असतं, एसी चालू, गाडीत पाच माणसं. घरी पोचल्यावर किती टक्के उरले ते लिहून ठेवा. पुण्याला लग्नाला निघाल्यावर सेंधवा-धुळ्याच्या वाटेवर कुठे थांबायचं, ते त्या आकड्यावरूनच ठरवता येईल.