गेटवेचा पत्ता कमांड लाइनवरून कसा शोधायचा (विंडोज, लिनक्स, मॅक)

राउटरचं सेटिंग पेज उघडायचं म्हटलं की कोणीही बिनधास्त सांगतं, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. टाकलं, पेज काही उघडत नाही. मग १९२.१६८.०.१ टाकून बघा म्हणतात, तेही नाही, कारण घरात जिओफायबर असेल तर तिथे बहुतेक १९२.१६८.२९.१ असतो, आयफोनच्या हॉटस्पॉटवर असाल तर १७२.२०.१०.१, आणि ऑफिसात १० ने सुरू होणारा काहीही असू शकतो. अंदाज कशाला मारत बसायचं, तुमच्या कॉम्प्युटरला तो पत्ता माहीत असतोच, नाहीतर नेट चाललंच नसतं.

गेटवे म्हणजे काय तर घरच्या नेटवर्कच्या बाहेर काहीही पाठवायचं असलं की कॉम्प्युटर ते ज्याच्या हवाली करतो तो पत्ता. घरी तो राउटरच. पण तो इंटरफेसगणिक ठरतो, म्हणजे वायफायचा वेगळा असू शकतो, लॅन केबलचा वेगळा, यूएसबीने मोबाइल जोडला असेल तर त्याचा आणखी तिसराच. त्यामुळे आधी ठरवा की आपल्याला कुठल्या कनेक्शनचा हवाय.

(खाली कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत करायच्या.)

विंडोज

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहून एंटर मारा, काळी विंडो उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग लिहा, सगळं सलग, मध्ये स्पेस नाही. ॲडमिन वगैरे लागत नाही. भलीमोठी यादी येते पण घाबरू नका, ज्यांच्यापुढे मीडिया डिस्कनेक्टेड लिहिलंय ते सरळ सोडून द्या. वायफाय वापरत असाल तर वायरलेस लॅन अडॅप्टर वायफाय हे हेडिंग शोधा, केबल असेल तर इथरनेट अडॅप्टर, आणि त्याच्याखाली शेवटी डिफॉल्ट गेटवे अशी ओळ असते, तिथला आकडा म्हणजे आपलं उत्तर.

इथे लोक हमखास गडबडतात. बऱ्याचदा त्या ओळीत एफई८० ने सुरू होणारं काहीतरी लांबलचक दिसतं, तो आयपीव्ही६ चा (म्हणजे नव्या, लांब पद्धतीच्या पत्त्यांचा) गेटवे, चुकीचा नाहीये, पण आपल्याला हवा असलेला साधा चार आकड्यांचा पत्ता त्याच्या खालच्या ओळीत नाव-गाव न लिहिता नुसता लटकत असतो. तो घ्या. आणि व्हर्च्युअल बॉक्स (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) वगैरे टाकलं असेल तर त्याचेही अडॅप्टर यादीत दिसतात, त्यांचा गेटवे बऱ्याचदा रिकामाच असतो, ते नॉर्मल आहे.

आता केबलही लावलीये आणि वायफायही चालू आहे, दोन गेटवे दिसतायत, तर नेट नक्की कुठून जातंय? राउट प्रिंट लिहा (या दोन शब्दांत स्पेस, आणि फक्त आयपीव्ही४ चं, म्हणजे त्या साध्या चार आकड्यांच्या पत्त्यांचं, टेबल हवं असेल तर पुढे स्पेस देऊन वजा चिन्ह आणि ४). टेबलात ज्या ओळीत पहिले दोन्ही रकाने ०.०.०.० आहेत ती बघा, म्हणजे बाकी कुठल्याच ओळीत न बसलेलं सगळं इथून जाणार. पुढे गेटवे, मग तुमच्या इंटरफेसचा स्वतःचा पत्ता, आणि शेवटी मेट्रिक, म्हणजे कुठली वाट आधी धरायची ते ठरवणारा आकडा. अशा दोन ओळी असल्या तर ज्याचा मेट्रिक कमी तो जिंकतो. माझ्या मते खरं उत्तर या टेबलातच असतं, आयपीकॉन्फिग फक्त सोयीचं आहे.

लिनक्स

टर्मिनल उघडा आणि आयपी राउट लिहा, आळस असेल तर आयपी स्पेस आर एवढंही चालतं. साधारण अशी ओळ येईल: डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० प्रोटो डीएचसीपी मेट्रिक ६००. व्हायाच्या पुढचा गेटवे, डेव्हच्या पुढचा इंटरफेस, संपलं. एकाच इंटरफेसचं बघायचं असेल तर आयपी राउट शो डेव्ह आणि पुढे त्याचं नाव. नेटवर्क मॅनेजर (लिनक्सवर कनेक्शन सांभाळणारा प्रोग्राम) वायफायला साधारण ६०० आणि केबलला १०० मेट्रिक देतो, म्हणून केबल खोचली की ट्रॅफिक आपोआप तिकडे वळतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर १७२.१७ ची एक ओळ दिसेल, तिच्याकडे लक्ष देऊ नका. आणि जुन्या सवयीने आयएफकॉन्फिग मारत असाल तर त्यात गेटवे दिसतच नाही, उगाच शोधत बसू नका.

मॅक

मॅकवर आयपीकॉन्फिग नावाची कमांड आहे खरी, पण विंडोजसारखी नुसती मारली तर ती फक्त कशी वापरायची ते सांगून गप्प बसते. त्याऐवजी राउट, स्पेस, वजा चिन्ह लगेच एन, स्पेस, गेट, स्पेस, डिफॉल्ट असं लिहा, गेटवे आणि इंटरफेस दोन्ही ओळी वेगळ्या दिसतात. ठरावीक इंटरफेसचा हवा असेल तर आयपीकॉन्फिग गेटऑप्शन ईएन० राउटर, मॅकबुकवर ईएन० म्हणजे बहुतेक वायफाय.

व्हीपीएन (तुमचं ट्रॅफिक दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सोय) चालू असेल तर जरा सांभाळून. ओपन व्हीपीएन हा असाच एक प्रोग्राम, तो बऱ्याचदा मूळ डिफॉल्ट ओळीला हातच लावत नाही, शेजारी ०.०.०.० आणि १२८.०.०.० अशा अर्ध्या-अर्ध्या इंटरनेटच्या दोन ओळी टाकतो, आणि जास्त नेमकी ओळ आधी धरली जाते, म्हणून डिफॉल्टमध्ये घरचा राउटर दिसतो पण ट्रॅफिक भलतीकडूनच जातं. लिनक्सवर आयपी राउट गेट ८.८.८.८ (हा इंटरनेटवरचा गूगलचा एक पत्ता) मारा, त्या पत्त्याला पाकीट नक्की कुठल्या वाटेने जाईल ते सांगतं.

गेटवेची ओळ रिकामी आली आणि तुमचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाहीये. विंडोजवर आयपीकॉन्फिग, स्पेस, तिरकी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि तिला चिकटून रिन्यू असं लिहून बघा, नाहीतर वायफाय बंद-चालू करा, केबल नीट बसलीये का बघा. गेटवे मिळाला की त्याला पिंग करा, म्हणजे पिंग, स्पेस आणि तो पत्ता लिहून तिकडून उत्तर येतं का बघा. उत्तर आलं नाही म्हणून लगेच राउटरला दोष देऊ नका, काही ऑफिसांत पिंगला उत्तर देणं मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. पण घरी गेटवेला पिंग जातोय आणि ८.८.८.८ ला जात नाहीये, तर घोळ बहुतेक राउटरच्या पलीकडे आहे, सरळ कस्टमर केअरला फोन लावा आणि ते राउटर रीस्टार्ट करा म्हणायच्या आधीच हे दोन्ही रिझल्ट वाचून दाखवा.