जुनं आउटबोर्ड घरी खोलावं की नाही?

होडीच्या मागे लावायचं जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, अडखळायला लागलं की पहिला हात कार्बोरेटरला जातो. तो आवरा. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा, तोवर एकही पार्ट विकत आणू नका.

मशीन न्यूट्रलला ठेवा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढा, दोन्ही प्लग काढून त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला अर्थ करा. थ्रॉटल उघडेल तितका उघडा, प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावा आणि दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढा. नुसत्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक बघा. एकात 110 पीएसआय, दुसऱ्यात 105 असेल तर पुढे जा. दुसऱ्यात 80 असेल तर पिस्टनच्या रिंगा, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) किंवा हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी गेलंय. प्लगवर पाण्याचे थेंब दिसले तर संशय गॅस्केटवर. रिंगा आणि बोअरचं काम घरी करू नका.

मग गिअर ऑइल. मशीन रात्रभर उभं ठेवून सकाळी गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. आधी पाणी ठिबकलं किंवा तेल दुधाळ निघालं तर सील गेलं. बहुतेकदा पंख्यामागे गुंडाळलेल्या तंगूसाने ते कापलेलं असतं. तेलात धातूचे कण दिसले तर गिअरच झिजलेत, तिथे जुन्या मशीनवर खर्च करणं परवडत नाही.

खरी अडचण बोल्टांची. ॲल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट आणि वर खारं पाणी, की तो आत जाम होतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, बरोबर मापाचा पाना लावा. तरी हलला नाही तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. बोल्ट तुटला की ड्रिल करून नवे आटे बसवावे लागतात आणि त्याचा खर्च इंपेलरपेक्षा (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबरी चाक) जास्त होतो. बोल्ट सुटत नसतील तर मशीन तसंच मेकॅनिककडे न्या.

हे सगळं ठीक निघालं तर प्लग, कार्बोरेटरची सफाई आणि इंपेलर घरी होतात. इंपेलर बदलताना शाफ्टवरची छोटी चावी (इंपेलर शाफ्टवर अडकवून ठेवणारा धातूचा तुकडा) हरवू देऊ नका. इंपेलरच्या हाउसिंगवर (कवचावर) चरे असतील तर तेही बदला. इंपेलरची पाती साबणाच्या पाण्याने ओली करून, शाफ्ट फिरतो त्याच दिशेने फिरवत आत बसवा. जोडल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात चालू करा, कोरडं कधीच नको. इंजिनातून बाहेर पडणारी थंडाव्याच्या पाण्याची धार अर्ध्या मिनिटात आली नाही तर लगेच बंद करा.