म्हशी कधी हलवायच्या?

पंचगंगेचा पूर कोल्हापुरातल्या पावसावर ठरत नाही, तो ठरतो गगनबावडा-राधानगरीकडं. म्हणून हवामान खात्याचा अंदाज उघडला की आधी घाटमाथ्याला दिलेल्या इशाऱ्याचा रंग बघा. लाल म्हणजे बहुधा चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर. पण मला धास्ती सलग चार नारिंगी दिवसांची; नदीला उतरायला उसंतच मिळत नाही.

मग पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ धोका. नुसता आकडा बघू नका, तासाला किती इंच चढतंय ते वहीत मांडा. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे कुणाला विचारून उघडत नाहीत.

२०१९ ला ‘बघू सकाळी’ म्हणालो. सकाळी गोठ्यात गुडघाभर पाणी. आता ३७ फुटालाच दावी सोडतो. बायको हसते, हसू दे.