टेकडीवर निसर्ग बघायला जाताना काय घालायचं, काय न्यायचं

"उद्या पहाटे निघायचंय, काय घालू?" हा मेसेज मला दर शनिवारी रात्री कोणाचा ना कोणाचा येतोच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिलं डोक्यात पक्कं करा, हा ट्रेक नाहीये. ट्रेकला माणूस चालत राहतो म्हणून अंग गरम असतं, इथे एका झुडपापाशी वीस मिनिटं उकिडवं बसायचं, मग दहा पावलं चालायचं की परत बसायचं. त्यामुळे कपडे बसण्याच्या हिशोबानं घ्या.

आदल्या रात्री आधी कुठे चाललोय ते बघा. पुण्यातली वेताळ टेकडी म्हणजे दोन-तीन तासांचं काम, फार सामान लागत नाही. डिसेंबरात भिगवणला उजनीच्या पाण्यात पहाटे होडीत बसलात की वारा कानात शिरतो, कानटोपी आणि विंडचीटर हवाच, पण अकरा वाजता तेच अंगावर नको होतं म्हणून आत साधा फुल शर्ट घाला. जुलैत ताम्हिणीला जाणार असाल तर काहीही घाला, भिजणारच आहात, फक्त जीन्स नको. मी एकदा घालून गेलो होतो, दिवसभर दोन किलो पाणी पायांवर वागवत फिरलो आणि मांड्या सोलवटल्या त्या वेगळ्याच. ट्रॅक पँट बरी, लगेच वाळते. कोरड्या कपड्यांचा एक जोड पिशवीत गाठ मारून गाडीतच ठेवा.

रंग मातकट, खाकी, शेवाळी असले घ्या. लाल-पिवळं, पांढरंशुभ्र नको, पक्षी लांबूनच उडून जातात. सळसळ आवाज करणारं जॅकेट पण नको. आणि सेंट मारून येऊ नका प्लीज, वाटेत कड्यावर आग्या मोहोळ असेल तर सगळ्या ग्रुपला महागात पडेल.

आता पाय. बूट घोटा झाकणारेच घ्या, आपल्याकडे फुरसं आणि घोणस हे दोन्ही विषारी साप आहेत, सँडलवाल्यांना मी सरळ मागे उभं करतो. पण दिवाळीच्या सुमारास टेकडीवर खरा त्रास सापाचा नसतो, कुसळाचा, म्हणजे गवताच्या टोकदार बीचा असतो. कुसळाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि शेपटी पिळलेली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की परत बसतो, आणि तेवढ्या फिरण्यात ते स्क्रूसारखं आत घुसत जातं. मातीत बी पेरायची त्याची ही युक्ती, आपला मोजा मध्ये आला एवढंच. टॉवेलसारखे जाड सुती मोजे म्हणजे कुसळांना आमंत्रण, गुळगुळीत नायलॉनचे घाला आणि पँट मोज्यात न खोचता मोज्यावरून खाली सोडा. काढताना मागे ओढू नका, टोकाच्या दिशेनं पुढेच ओढून काढा.

सॅकमध्ये पाणी दोन लिटर, दशमी-चटणी नाहीतर चिक्की-खजूर, ओआरएसची पुडी, टॉर्च, क्रेप बँडेज. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणचा बेत असेल तर जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. वही छोटी आणि पेन्सिलच, पेनाची शाई पहिल्याच सरीत पसरते. बायनॉक्युलर 8x42 पुरे, म्हणजे 8 पट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिमीची. 12 पटवाली हौसेनं घेतात आणि हात हलतो म्हणून पक्षीच सापडत नाही. 10x चं भिंग मात्र जरूर न्या, ते फुलावर धरायचं नाही, डोळ्याला चिकटवायचं आणि फूल जवळ आणायचं. फूल तोडायचं नसेल, नसतंच, तर आपणच खाली वाकायचं. पठारावरची सीतेची आसवं ही इवलीशी फुलं बघायला अक्षरशः पोटावर झोपावं लागतं, त्यासाठी सिमेंटच्या रिकाम्या गोणीचा तुकडा न्या, पण पसरायच्या आधी खाली दुसरी फुलं नाहीत ना ते बघा. लोक मला हसतात, मग दुपारी तोच तुकडा मागतात.

पावसात पोंचो चालेल, पण वारा नसेल तर मी साधी काळी छत्रीच नेतो, वहीवर आणि कॅमेऱ्यावर धरता येते.

घरी आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. गोचीड चिकटलीय का ते गुडघ्यामागे, कमरेपाशी बघा. आणि मोजे मशीनमध्ये टाकायच्या आधी कुसळं काढा, मागच्या वर्षी मी विसरलो आणि ती सगळी आईच्या दुलईत गेली, ती अजून अधूनमधून टोचते.